नांदगूर पॅटर्न

सकाळी सहाला ग्रामपंचायतीचा भोंगा खरखरला आणि नांदगूर जागच्या जागी थांबलं. कोणी दात घासता घासता, कोणी गाय दोहता दोहता. भोंग्यावर रोज एकच वाक्य वाचलं जायचं, आणि ते ऐकल्याशिवाय दिवसाच्या कामाला हात घालायचा नाही अशी सवय गावाला लागून गेली होती.

ते वाचायची प्रणाली लोनबले, गावची आशा सेविका. सरकारी टॅबवर आकडा उमटायचा आणि तो मोठ्यानं वाचायचा, एवढंच काम. पंधरा मार्चपासून सलग एकसष्ट दिवस ती ‘शून्य’ म्हणत आली होती. त्या दिवशी तिनं टॅब वाचला, चष्मा पदरानं पुसला आणि पुन्हा वाचला.

“नांदगूर. आजचा आकडा, एक.”

भोंगा बंद झाला. अर्थ सगळ्यांना कळत होता. उद्या सकाळी सहाच्या आत या गावात उन्हानं एक माणूस मरणार होतं. कोण, ते आकडा सांगत नव्हता.

या आकड्याची भानगड आधी समजून घेतली पाहिजे, नाहीतर पुढचं सगळं वेड्यांचा बाजार वाटेल. माणसाचं शरीर घामावर तगतं. घाम वाळतो, अंग निवतं. विदर्भाचं जुनं ऊन कोरडं होतं. चटके द्यायचं, पण घाम वाळवायचं, म्हणून माणसं शेहेचाळीस-सत्तेचाळीस डिग्रीतही कानाला दुपट्टा बांधून, खिशात कांदा ठेवून बाजार करून यायची. गेल्या वीस वर्षांत ते बदललं. मे महिन्यात समुद्राकडून दमट हवा यायची आणि धानाच्या बांध्यांवर मुक्काम ठोकायची. अशा हवेत घाम वाळत नाही. मग सावलीत, पंख्याखाली, पोटभर पाणी पिऊन बसलेला माणूसही आतून तापत जातो. तापमापकाला ओलं फडकं गुंडाळलं आणि तरीही पारा तिशीच्या वर राहिला, तर म्हातारी काळजं दमतात. पस्तिशीला तरणीताठी माणसंही काही तासांत संपतात.

हे शास्त्रज्ञांनी कधीचं सांगून ठेवलं होतं आणि त्याकडे सगळ्यांनी रीतसर कानाडोळा केला होता. मग कोणीतरी आकडायंत्र काढलं. पासष्टच्या वरच्या प्रत्येकाच्या मनगटावर एक पट्टा आला. तो नाडी मोजायचा, कातडीचा ताप मोजायचा, झोप मोजायचा. घराचं छप्पर किती तापतं ते उपग्रह बघायचा. भिंतींनी किती ऊन पिऊन ठेवलंय, वीज किती वेळ जाणार, हे सगळं जमेला धरून यंत्र प्रत्येकाच्या नावावर त्या दिवसाचा एक अपूर्णांक ठेवायचं. गावातल्या सगळ्या अपूर्णांकांची बेरीज म्हणजे गावाचा आकडा. अर्ध्याच्या खाली राहिला तर शून्य, वर गेला तर एक, दीडच्या वर गेला तर दोन. ॲम्ब्युलन्स कुठं उभी ठेवायची ते कळावं, इतकाच बनवणाऱ्यांचा साधा हेतू होता.

पण आकडा जाहीर झाला आणि राजकारण पेटलं. पहिल्याच उन्हाळ्यात एका दिवसाची राज्याची बेरीज चारशेच्या वर गेली. पिकं बुडाली, नद्या आटल्या, तेव्हा जे झालं नव्हतं ते त्या आकड्यानं केलं: लोक रस्त्यावर उतरले आणि सरकार पडलं. नवं सरकार शपथ घेऊन आलं की आकडा खाली आणू. ऊन खाली आणू असं कोणीच म्हणालं नव्हतं, हे तेव्हा कोणाच्या ध्यानात आलं नाही.

मग स्पर्धा आली. स्पर्धा म्हटलं की आपल्या गावांच्या अंगातच येतं. स्वच्छ गाव झालं, तंटामुक्त गाव झालं, आता ‘शून्य आकडा गाव’. पंधरा मार्च ते पंधरा जून ज्या गावाच्या हद्दीत उन्हानं एकही मरण होणार नाही, त्या गावाला थंडघर. जाड मातीच्या भिंती, वर सौरपत्रे, हवेतला ओलावा शोषणारं यंत्र, दीडशे खाटा. तालुक्यात एकच. जिथं माणसं मरतात तिथं ते आधी द्यावं, असं कोणाही शहाण्याला वाटेल. पण मरणाला बक्षीस देता येत नाही, असं मंत्री म्हणाले, आणि ऐकायला ते बरोबरही वाटलं.

नांदगूरनं तर इमारत बांधूनही घेतली होती. शेवटच्या फेरीत नांदगूर आणि नऊ किलोमीटरवरचं सावरटोला अशी दोनच गावं उरली होती. यंत्रं ट्रकमधून येऊन बसली होती, किल्ली तेवढी तालुक्याकडून यायची होती. गाव बाद झालं तर तीच यंत्रं उचलून सावरटोल्याला जाणार होती.

त्या सकाळी भोंगा बंद करून प्रणाली घरी आली, तर सरपंच नीळकंठ भर्रे तिच्या आधी पडवीत येऊन बसला होता. समोर तिचे सासरे, दिवाकर मास्तर. चौतीस वर्षं त्यांनी गावच्या शाळेत गणित शिकवलं होतं आणि निवृत्त झाल्यावरही त्यांची खोड गेली नव्हती. रोजचा आकडा ते वहीत लिहायचे, खाली रेघ मारायचे आणि ताळा करून बघायचे.

“मास्तर, आता कसं करावं जी?” नीळकंठ म्हणाला. “एकसष्ट दिवस डोळ्यात तेल घालून काढले. गल्लीगल्लीत हिरव्या जाळ्या बांधल्या, घरोघरी पाणी देल्लं. एका म्हाताऱ्यापायी सगळं पाण्यात जाईल.”

“एका म्हाताऱ्यापायी नाही जात,” मास्तर म्हणाले. त्यांनी पाटी ओढली. “गावात पट्टे किती, एकशे बारा. त्याईचे अपूर्णांक प्रणालीच्या टॅबात दिसतात. शंभर जणाईची बेरीज पाव होत नाही. बाकी सगळं या बारा जणाईचं आहे. मी पण त्यात आहो, शंभरात अकरा. हे बारा सांभाळा, गाव सांभाळलं जाईल.”

“म्हणजे हे बारा गावात नसते तं आकडा शून्य?”

“बेरजेत तसंच येईल,” मास्तर म्हणाले. “पण मी सांभाळा म्हणून राह्यलो.”

नीळकंठ उठलाच होता. तो मास्तरांचाच विद्यार्थी, आणि शाळेतही तो उत्तर मिळालं की पुढचं ऐकायला थांबायचा नाही.

माणूस वाईट नव्हता, हे इथंच सांगून टाकतो. त्याची स्वतःची आई दोन उन्हाळ्यांपूर्वी आकड्यात गेली होती. त्यानं तालुक्याला फोन लावून नियम विचारला. मरण हद्दीतलं असलं तर गावाच्या नावावर. नांदगूर ते सावरटोला हा राज्यमार्ग, तो कोणत्याच गावाचा नाही. तिथं कोणी गेलं तर त्याची नोंद ‘मार्गस्थ’ या रकान्यात, आणि तो रकाना बेरजेत धरत नाहीत. दहाच्या आत त्यानं लग्नाच्या वरातीची एक वातानुकूलित बस मिळवली. बारा जणांना सकाळी अकरा ते संध्याकाळी सहा राज्यमार्गावर फिरवायचं, असं ठरलं.

अकरा जण बसमध्ये चढले. मास्तर पडवीतून हलले नाहीत.

“मी काही बाजूला सारून ठेवाचा अपूर्णांक नाही,” ते प्रणालीला म्हणाले. “अपूर्णांक कागदावर असते बाई. माणूस मरते तेव्हा पुराच मरते.”

प्रणालीचा नवरा रूपेश तेलंगणातल्या सिमेंटच्या कारखान्यात होता, वर्षातून दोनदा यायचा. गेली सात वर्षं घरात ही दोघंच. सकाळी ती मास्तरांचा चहा गाळायची आणि मास्तर तिचे रकाने भरून द्यायचे. सासरा-सून म्हणून जो आब धरायचा असतो तो दोघांनी पहिल्याच वर्षी सोडून दिला होता. त्यामुळं तिला त्यांच्याशी सरकारी भाषेत बोलता येईना.

“मामाजी, बस थंड आहे,” ती म्हणाली. “घरात पत्र्याखाली तुमी उकडून निघता. एक महिन्याचा तं प्रश्न आहे. मंग थंडघर आपल्या गावात, आपल्या घरापासून दोनशे पावलावर. तुमी नाही बसले तं बाकीचे उतरतीन. माह्यासाठी बसा.”

मास्तरांनी वही मिटली.

“एक अट आहे,” ते म्हणाले. “मी चौतीस वर्षं या गावाची हजेरी घेतली. एकाही पोराची खोटी लावली नाही, एकाची खोडली नाही. तशी वेळ आली तं मले रस्त्यात ठेवशील नको. गावाच्या हद्दीच्या पाटीच्या आत आणशील. माही हजेरी गावात लागली पायजे. मंग थंडघर जावो का राहो.”

“आणतो मामाजी,” प्रणाली म्हणाली. तेव्हा ते बोलायला काहीच जड गेलं नाही.

त्या संध्याकाळी सहाला बस परतली, दुसऱ्या सकाळी भोंग्यावर शून्य वाचलं गेलं, आणि कोणीही मेलं नव्हतं. खरं सांगायचं तर बस वाईट नव्हतीच. अनुसयाबाई बोरकुटे तरुणपणी झाडीपट्टीच्या नाटकांत काम करायच्या; त्या खिडकीशी बसून अर्धं नाटक एकट्याच म्हणून दाखवायच्या. कोणी सुपारी कातरायचं, कोणी घोरायचं. मास्तरही रमले. प्रणाली आरोग्यपेटी घेऊन पुढच्या सीटवर बसायची, आणि बारा नाड्या थंड हवेत संथ चाललेल्या टॅबवर बघताना आपण काहीतरी भलं केलं असं तिला मनापासून वाटायचं.

पण अशी अक्कल एकाच गावाकडे थोडीच राहते. आठवडाभरात सावरटोल्याची बस आली. मग दोन गावं आणखी, मग पाच. आता ‘शून्य’ प्रत्येक गावाला हवा होता, थंडघर मिळो न मिळो, कारण आकडा लागलेल्या गावात मुली द्यायला लोक कां-कूं करू लागले होते. जूनच्या पहिल्या आठवड्यात त्या नऊ किलोमीटरवर चाळीस बसा फिरत होत्या, जिल्ह्यातले म्हातारे पोटात घेऊन, एकमेकींना ओलांडत, दुपारभर.

“या बशीतली गर्मी कुठं जाते, सांग,” मास्तरांनी एकदा विचारलं.

“बाहेर,” प्रणाली म्हणाली.

“आणि बाहेर कोण आहे?”

बाहेर तेंदूपत्त्याची पोती उतरवणारी माणसं होती, रस्त्याचं डांबर टाकणारी होती. त्यांचं वय पासष्ट नव्हतं म्हणून त्यांना पट्टे नव्हते, आणि पट्टे नव्हते म्हणून ती कोणत्याच बेरजेत नव्हती. चाळीस यंत्रांचा गरम वारा त्यांच्या अंगावर पडत होता. शिवाय बसाही जुन्याच होत्या, रस्त्यातच बंद पडायच्या आणि आतलं एखादं म्हातारं तिथंच जायचं. मेलेल्या माणसाचा पट्टा काढून आरोग्य केंद्रात जमा करायचं काम आशा सेविकांचं. प्रणालीनं घरी येऊन सांगितलं की केंद्राच्या खणात पट्टे साठत चाललेत, आणि मास्तरांनी वहीत नोंद करायला सुरुवात केली. तालुक्याचा आकडा शून्य. परत आलेले पट्टे एकोणीस. खाली रेघ.

“ताळा जमत नाही,” ते म्हणाले, आणि मंत्र्यांना अर्ज लिहायला बसले.

अर्ज चार ओळींचा होता. पंधरा जूनला मंत्री थंडघराच्या उद्घाटनाला नांदगूरला येणार होते, तेव्हा तो त्यांच्या हातात द्यायचा असं मास्तरांनी ठरवलं. धुतलेलं धोतर त्यांनी आदल्या दिवशीच काढून ठेवलं.

पंधरा जूनच्या सकाळी आकडा आला, दोन.

ओल्या फडक्याचा पारा दुपारी बत्तीसला जाणार होता. नीळकंठ धावत आला. “ताई, आज शेवटचा दिवस. पाच वाजता प्रमाणपत्र. बाराही जण बशीत पायजेत. मास्तराईले मी स्वतः चारला उतरवून मंत्र्यापुढं उभं करतो, शब्द देतो.” मास्तरांनी प्रणालीकडे बघितलं. प्रणालीनं मान हलवली. त्यांनी अर्ज सदऱ्याच्या खिशात घातला आणि काठी घेतली.

दुपारी एकला पोलिसांनी रस्ता बंद केला. मंत्र्यांचा ताफा निघाला होता, आणि ताफा जाईपर्यंत एकही गाडी हलवायची नाही असा वरून हुकूम होता. चाळीस बसा रस्त्याच्या कडेला एकामागं एक उभ्या राहिल्या. नांदगूरची बस सगळ्यांत पुढं होती. समोर तीनशे पावलांवर गावाच्या हद्दीची पाटी दिसत होती. तिच्यावर झेंडूची माळ आणि लाल कापड घातलेलं होतं, मंत्र्यांनी ओढायचं म्हणून.

उभ्या बसचं यंत्र वीस मिनिटं तगलं. मग ड्रायव्हर मागं वळून म्हणाला, “गाडी गरम झाली ताई. आता हवा येणार नाही.”

खिडक्या उघडल्या तर आत आली ती मागच्या बसांची वाफ. प्रणालीनं पोलिसाला हात जोडले. तो तिशीतला पोरगा होता, त्याच्या स्वतःच्या सदऱ्यावर मिठाचे डाग उठले होते. “ताई, गाडी हलली तं माही नोकरी हलते,” तो म्हणाला. चालत न्यावं तर बारांतले आठ जण दहा पावलंही टाकू शकत नव्हते. तिनं नीळकंठला फोन लावला. पहिल्या चार वेळा त्यानं उचललाच नाही, तो मंडपात होता. पाऊण तास गेला. अनुसयाबाईंनी नाटक थांबवलं होतं. माठ संपला. मास्तरांचं अंग कोरडं पडलं. घाम थांबला की काय समजायचं ते प्रणालीला प्रशिक्षणात शिकवलं होतं. टॅबवर त्यांचा अपूर्णांक चढत होता. चाळीस, बावन्न, सत्तर.

नीळकंठ आला तो आठ गडी आणि चार खाटा घेऊन. इतकं त्याच्या नावावर मांडलंच पाहिजे. आल्या आल्या म्हणाला, “किल्ली गेली खड्ड्यात, मी कुलूप तोडलं. थंडघर चालू केलं. आना सगळ्याईले.” गड्यांनी अनुसयाबाईंना उचललं, मग दुसऱ्यांना. उन्हातून पळत ते पाटीपलीकडे जायचे आणि रिकाम्या खाटा घेऊन परत यायचे. कोणाला आधी न्यायचं ते नीळकंठच सांगत होता. तिसऱ्या फेरीला प्रणालीच्या लक्षात आलं की मास्तर अजून इथंच आहेत.

“आता मामाजी,” ती म्हणाली.

नीळकंठनं तिला बसच्या सावलीत बाजूला घेतलं.

“ताई, टॅब दाखवा.”

टॅबवर त्र्याण्णव होतं.

“ते माहे गुरुजी आहेत,” तो म्हणाला. “पण अडीच वाजले. पाच वाजतपर्यंत हद्दीत कोणी गेलं तं आजच गाव बाद. उद्या ट्रक येते आणि यंत्रं सावरटोल्याले जातात. हे अकरा जण, यायले उद्या कुठं नेणार तुमी? पुन्हा याच बशीत? शंभरात सात उरले ताई. सातासाठी तुमी सांगा. तुमी आणा म्हणाल तं मी स्वतः उचलतो. मी नाही म्हणणार नाही.”

तो खरंच नाही म्हणाला नसता. हेच प्रणालीला पुढं जन्मभर पुरलं. त्यानं अडवलं असतं तर तिनं त्याला ढकलून दिलं असतं, चार शिव्या हासडल्या असत्या, आणि सासऱ्यांना पाठुंगळी घेऊन पाटीपलीकडे गेली असती. त्यानं तिलाच विचारलं. आणि तिनं, जिला तीन महिने रोज सकाळी आकडा वाचायची सवय लागली होती, पुन्हा एकदा टॅबकडे बघितलं. पंच्याण्णव.

तिचा पाय उचलला नाही.

गड्यांनी मास्तरांना बसमधून उतरवून रस्त्याकडेच्या पळसाखाली खाटेवर ठेवलं आणि उरलेल्यांना घेऊन गेले. प्रणालीनं गड्यांनी आणलेल्या पाण्यात पदर भिजवून त्यांच्या मानेवर ठेवला, बगलेत ठेवला, शिकवलं होतं ते सगळं केलं. हवा इतकी भरलेली होती की फडकं वाळतच नव्हतं. मास्तरांनी मध्येच डोळे उघडले. पाटी त्यांच्या पाठीमागं होती, दिसत नव्हती.

“नांदगूर आलं का?” त्यांनी विचारलं.

“आलं, मामाजी,” प्रणाली म्हणाली. “पाटीच्या आत आलो आपण.”

त्यांनी मान हलवल्यासारखी केली. ओठ वाळून चिकटले होते. मोठ्या कष्टानं त्यांनी हात थोडासा वर केला, वर्गात शेवटच्या बाकावरचं पोर करतं तसा.

“हजर,” ते म्हणाले.

पट्टा तीन वेळा लुकलुकला आणि थांबला. त्याच सुमाराला ताफा गेला. अकरा गाड्या होत्या, काचा काळ्या आणि बंद. धूळ खाली बसल्यावर गावातून भोंग्याचा आवाज ऐकू यायला लागला. मंत्री बोलत होते. त्यांच्या मतदारसंघात या उन्हाळ्यात एकही बळी गेला नव्हता. लोकसहभागातून काय होऊ शकतं ते या छोट्या गावानं दाखवून दिलं होतं. हा नांदगूर पॅटर्न आता राज्यभर राबवला जाईल, असं ते म्हणाले, आणि टाळ्या वाजल्या. पळसाखाली प्रणाली सासऱ्यांचा हात धरून बसली होती. त्यांचं अंग मेल्यावरही तापतच होतं.

रूपेश दुसऱ्या दिवशी आला. “गावात गेले का बाबा, का रस्त्यात?” त्यानं एवढंच विचारलं. प्रणालीनं रस्त्यात म्हणून सांगितलं. बाकीचं तिनं सांगितलं नाही, आणि तो पुन्हा विचारील या भीतीनं ती त्याच्या सुट्टीभर त्याच्याशी धड बोलू शकली नाही. थंडघर सुरू झालं. ते खरोखर चांगलं चालत होतं. अकराही जण तिथं खाटांवर निवांत असायचे. अनुसयाबाईंनी विचारलं, मास्तर काऊन येत नाहीत, तेव्हा प्रणालीनं त्यांना औषध दिलं आणि ती बाहेर आली.

आरोग्य केंद्रात तिनं पट्टा जमा केला. गावाच्या रकान्यात नांदगूर लिहायचा तिनं तीनदा प्रयत्न केला. तिन्ही वेळा यंत्रानं ते पुसून स्वतःच ‘मार्गस्थ’ लिहिलं.

“तो पट्टा कुठं थांबला ते त्याले माहीत असते ताई,” तिथला कारकून समजुतीनं म्हणाला. “आपल्या हातात काही नाही.”

सदऱ्याच्या खिशातला अर्ज तिनं वाचला. आकडा शून्य आहे. पट्टे एकोणीस परत आले आहेत. ताळा जमत नाही. कृपया आकड्याचे सोडून उन्हाचे बघावे. तिनं एकोणीस खोडून वीस केले आणि अर्ज पोस्टानं पाठवला. सात महिन्यांनी उत्तर आलं. आपल्या मौलिक सूचनेबद्दल आभार मानले होते, आणि नांदगूर पॅटर्नमधील प्रत्यक्ष अनुभव लक्षात घेऊन जिल्हास्तरीय प्रशिक्षक म्हणून आपली निवड झाली आहे, असं कळवलं होतं.

नाही म्हणायचं तिनं आठ दिवस ठरवलं. मग फेब्रुवारी आला आणि पारा आत्ताच एप्रिलसारखा झाला. सरकारनं राज्यमार्गांसाठी सहा हजार बसा घेतल्या. तिला वाटलं, आपण गेलो नाही तरी बसा निघणारच, निदान गाडी उभी राहिली तर खिडक्या कधी उघडायच्या आणि घाम थांबला तर काय करायचं, एवढं तरी आपण सांगू.

जिल्ह्याचं सभागृह थंडगार होतं. साठ आशा सेविका मांडीवर वह्या घेऊन बसल्या होत्या. प्रणालीनं घाम सांगितला, नाडी सांगितली, माठ किती लागतात ते सांगितलं. खिडक्यांचं सांगितलं. सगळ्या जणी मन लावून ऐकत होत्या. शेवटी काही शंका आहेत का विचारलं, तेव्हा मधल्या रांगेतून एक जण उभी राहिली. वयानं लहान होती, नवीनच लागलेली दिसत होती.

“ताई, घरचंच एखादं म्हातारं माणूस बशीत बसाले तयार नसलं तं काय कराचं? माहे सासरे आयकतच नाही.”

प्रणालीनं समोरच्या ग्लासातलं पाणी प्यायलं. सगळ्या तिच्याकडे बघत होत्या.

“त्याईची काही अट असते,” ती म्हणाली. “ती विचाराची. आणि हो म्हणाचं.”

साठही जणींनी ते वहीत उतरवून घेतलं.